टॅलक आणि मुलगे

पांढरी म्हणून घेतली. उजेडात पाहिलं तर
कपात निवलेल्या दुधाळ चहाचा रंग.
मोटार केरेन्साकडे गेली, कुत्राही तिच्याकडे.
माझ्या वाट्याला एक आकडा आला,
आणि कॅम्बोर्नच्या लिलावात त्या आकड्यात
ही एवढीच बसत होती.

पहिल्याच आठवड्यात कळलं
लोकांच्या मोटारींच्या टपांवर काय काय असतं:
सीगलची शिट, एक डावा हातमोजा,
कुणीतरी विसरलेला, अजून वाफ येणारा कप.

सुपरमार्केटच्या तळघराला आडवी दांडी आहे.
दोन मीटर. मी दोन मीटर आणि चार बोटं.
म्हणून गाडी लांब, चर्चमागे लावतो
आणि बटाट्यांच्या पिशव्या लोंबकळवत चालतो,
अख्खं बिऱ्हाड मावेल एवढ्या गाडीचा मालक.
कचरा डेपोवरचा माणूस दर वेळी विचारतो,
धंद्याचा का?
मी म्हणतो, संसाराचा.
तो वही चाळतो. तसला रकाना नाही.

मागे काच नाही.
मागचं बघू नये वगैरे शहाणपण मला कुणी सांगू नका,
बाजूच्या आरशांत सगळं दिसतं, दोन तुकड्यांत.
फक्त मधला, नेमका मधला भाग
कुठल्याच आरशात येत नाही.

अडलं की गाव माझं दार वाजवतं.
'तुझ्याकडे व्हॅन आहे ना' हे इथे
कसं काय, बरं आहे ना, याच्या जागी म्हणतात.
सोफे वाहिले. पोटुशी शेळी वाहिली.
चॅपेलचं जुनं हार्मोनियम वाहिलं,
ते दर खड्ड्याला एक सूर टाकत गेलं,
आणि शेजारी बसलेला पास्को म्हातारा
प्रत्येक सुराला 'खालचा सा नव्हे, वरचा' अशा थाटात
मान हलवत राहिला.
मोबदला कधी गरम पेस्टी. कधी नुसतं 'बघ हं, पुन्हा लागेल.'

एक आड एक शनिवारी लोवेना येते.
पुढे तीन सीटा. खिडकी मोकळी असली तरी
ती मधल्या सीटवर, गिअरला गुडघा टेकून.
दुसरा टाकताना मी म्हणायचो, 'पाय.'
ती उचलायची, न बघता, गोष्ट न थांबवता.

आणि मागे कुठेतरी एक वायसर.
डाव्या वळणाला घरंगळत जायचा, उजव्याला परत यायचा.
चार वर्षं शोधला. डोकं उठवलं त्यानं.

तिरकं ऊन पडलं की रंगाखालची अक्षरं वर येतात:
टॅलक आणि मुलगे. नळकाम.
गेल्या नोव्हेंबरात, रेडरुथच्या सिग्नलला
एका बाईंनी काठीनं दार ठोकलं.
मिसेस चेगविडन. नव्वदीला टेकलेल्या.
'मंगळवारी येतो म्हणाला होतात.'

टॅलक केव्हाच वारले, मुलगे ऑस्ट्रेलियात,
हे शेजारीण नंतर सांगणार होती.
मी शाळेत प्रोजेक्टरच्या वायरी सांभाळतो.
नळातलं मला ओ की ठो कळत नाही.
पण मागून हॉर्न वाजत होते, आणि मंगळवार
कुठला, हे विचारायचा धीर होईना.

त्यांच्या दारात गाडी पूर्ण रिकामी केली,
तेव्हा सापडला तो, चाकाच्या कमानीमागे, काळा, गुळगुळीत.
बसला नाही. एक माप मोठा.
मग लोवेनानं केसांचं रबर काढलं,
तीन वेढे दिले, दातांनी गाठ आवळली.
थेंब थांबला नाही. लांबला.
बाईंनी दोन थेंबांमधलं अंतर मान वाकवून ऐकलं
आणि मला म्हणाल्या,
'टॅलक, धाकटा हुशार आहे हो तुमचा.'

परतताना धाकटा खिडकीशी बसला.
मोकळे केस सारखे तोंडावर,
मोबाइलवर कुणाशी तरी हसणं चाललेलं.
मधली सीट रिकामी.
चढाला दुसरा टाकताना मी म्हणून गेलो, 'पाय.'

तिनं उचलला.
तिकडे, खिडकीपाशी, बाहेर बघत,
उगाचच.